ब्रह्मदेशाचा कायदा आणि आपला पाणवठा

दोस्तांनो, आपली पोरं लॉ कॉलेजात जातात, अंगावर काळा कोट चढवतात, तेव्हा छाती भरून येते. पण तौलनिक कायदा, म्हंजे देशोदेशीचे कायदे शेजारी ठेवून वाचणं, हा विषय निघाला की तीच पोरं नाक मुरडतात. ‘हे परदेशी जाणाऱ्यांचं. आपल्याला ॲट्रॉसिटीचं कलम पाठ असलं की बास.’ मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करणारा माणूस. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पाळी सुटल्यावर बाबासाहेबांचे खंड वाचतो. त्या वाचनाच्या बळावर सांगतो, आपल्या हक्काचे कायदे ज्या रस्त्यानं आले, तोच रस्ता तुम्ही नाकारताय.

साल १९३०. लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली होती. बाबासाहेब तोवर कोलंबियात शिकले होते, १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले होते. त्यांनी आणि मद्रासच्या रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना परिषदेपुढं ठेवली. तिच्यात पाणवठ्यावर, रस्त्यावर, शाळेत अडवणाऱ्याला शिक्षा सांगणारं एक कलम आहे. त्याचा सांगाडा अमेरिकेतल्या १८७५ च्या नागरी हक्क कायद्याचा. तो कायदा गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांसाठी केलेला. त्यात खाणावळी होत्या, गाड्या होत्या, नाटकघरं होती. बाबासाहेबांनी त्यात शाळा घातल्या, रस्ते घातले, तळी आणि विहिरी घातल्या. मूळ कायद्यात ‘पूर्वीची गुलामगिरी’ असे शब्द होते, तिथं ‘पूर्वीची अस्पृश्यता’ आली. वॉशिंग्टनचा कायदा असा महाडच्या तळ्यावर आणून उभा केला.

आता पुढचं नीट वाचा. अमेरिकेत तो कायदा आठच वर्षं टिकला. १८८३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्यातली मुख्य कलमं मोडीत काढली. कोर्ट म्हणालं, चौदावी घटनादुरुस्ती सरकारला बांधते. खाणावळवाल्यानं, नाटकघरवाल्यानं कुणाला हाकललं तर तिचा संबंध नाही. नऊ न्यायाधीशांपैकी एकट्या हार्लननं विरोध नोंदवला. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत काळ्या माणसाला ८१ वर्षं थांबावं लागलं. हा निकाल शेजारी ठेवून आपल्या राज्यघटनेची कलमं १५(२) आणि १७ उघडा. दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, स्नानघाट. अडवणारा सरकारी असो की खाजगी, सुटका नाही. अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळणं बंद. अमेरिकेत जी पळवाट खाजगी मालकाला मिळाली, ती आपल्या घटनेनं पाटलाला, हॉटेलवाल्याला ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट बहिष्काराची. मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीनं १९३० च्या अहवालात लिहून ठेवलं होतं, की अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव बहिष्कार घालतो. माझ्या आजोळीही गावानं हे केलेलं. आजी सांगायची, वाण्यानं मीठ बंद केलं, शेतातलं काम बंद, वाटही बंद. कुणी हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही, मग गुन्हा कुठला लावणार? बाबासाहेबांनी उत्तर ब्रह्मदेशात शोधलं. तिथले राष्ट्रवादी इंग्रजांना साथ देणाऱ्यांना वाळीत टाकत. ते मोडायला १९२२ साली बहिष्कारविरोधी कायदा झाला. साहेबाच्या सोयीचा कायदा! बाबासाहेबांनी तोच उचलला, थोडे फेरफार केले, आणि गोलमेज योजनेत आपल्या वस्तीसाठी घातला. कुठून घेतला हेही उघड लिहिलं. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये ती मागणी पुन्हा आहे.

आज नागरी हक्क संरक्षण कायद्याचं सातवं कलम काढा. घर-जमीन वापरू न देणं, व्यवहार न करणं, काम न देणं, सामाजिक-धंद्याचे संबंध तोडणं, ही बहिष्काराची व्याख्या तिथं आहे. १९३० ची योजना शेजारी ठेवा, ओळख पटेल. २०१५ च्या दुरुस्तीनं ॲट्रॉसिटी कायद्यात बहिष्कार स्पष्टपणे आला. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला तो २०१६ चा. म्हंजे ८६ वर्षं! इतका वेळ गावाला दिला आपण.

मनूचा कायदा शेजारी दुसरं पुस्तक चालू देत नव्हता. तो म्हणे देवाचा, त्याची तुलना कशाशी करणार? चार देशांचे कायदे एका टेबलावर मांडले की कळतं, हे सगळं माणसांनी लिहिलंय, आणि माणसांना ते बदलता येतं. म्हणून लॉ कॉलेजातल्या दोस्तांनो, तो विषय घ्या. परका कायदा वाचताना तीन प्रश्न विचारा : कुणासाठी केला, कुठल्या कोर्टात मोडला, आपल्या गावात लावायचा तर कुठला शब्द बदलावा लागेल. रिंगफ्रेमवर आम्ही धागा कुठं तुटला ते आधी बघतो, मगच सांधतो. तुम्ही कायद्याचं तसंच करा, आणि वाचलेलं वस्तीत येऊन मराठीत सांगा. आम्ही रात्रपाळी करून ऐकायला बसू.

जय भीम.