कमांडर सामंतांचे महावीर चक्र
अंबरनाथहून समुद्र दिसत नाही. तथापि आरमाराशी या गावाचा ऋणानुबंध आहे, कारण नौदलासाठी लागणाऱ्या पदार्थांचे संशोधन करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा येथेच असून, पाणबुडीला दीर्घकाळ पाण्याखाली राहता यावे म्हणून तिने सिद्ध केलेल्या इंधनघट यंत्रणेचा जमिनीवरील नमुना २०२१ साली कसोटीस उतरला. पाणबुडीचे नाव निघाले की मला मोहन नारायण राव सामंत यांचे स्मरण होते. १९६९ साली रीगा बंदरात नौदलात दाखल झालेल्या ‘करंज’चे पहिले कप्तान तेच.

त्यांचे महावीर चक्र रुप्याचे, वाटोळे. वर पाच टोकांचा तारा, मध्यभागी सोनेरी मुलाम्याची राजमुद्रा, आणि फीत अर्धी पांढरी, अर्धी नारिंगी. ते बहाल झाले बांगलादेश मुक्तियुद्धात, डिसेंबर १९७१ मधील चार दिवसांच्या कामगिरीबद्दल. माझ्या मते मात्र त्याआधीचे महिनेच अधिक मोलाचे होत. फ्रान्समधील तुलाँ बंदरात असलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘मांग्रो’ सोडून आठ बंगाली नाविक भारतात पोहोचले, आणि पुढे पलाशीजवळ भागीरथीच्या काठी बंगाली तरुणांना, छातीशी गमछ्याने सुरुंग बांधून अंधारात पोहत जावे व तो जहाजाच्या बुडाला चिकटवून निमूट परतावे, ही विद्या शिकवली गेली. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून इशारा म्हणून ठरलेली गाणी लागली, आणि ऑगस्टच्या मध्यास चितगाव, मंगला, चांदपूर व नारायणगंज या पूर्व पाकिस्तानातील बंदरांत जहाजे बुडू लागली. या गुप्त मोहिमेची सूत्रे हलवणाऱ्यांत सामंत अग्रणी होते.

डिसेंबरात ते स्वतः मंगला-खुलन्याच्या नदीत शिरले. तांड्यात ‘पद्मा’ व ‘पलाश’ या मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या, नौका आणि आपल्या नौदलाची ‘पनवेल’ होती. १० तारखेस आपल्याच विमानांनी त्यांना शत्रू समजून मारा केला. पहिल्या दोन्ही नौका गेल्या, ‘पलाश’वरील रुहुल अमीन धारातीर्थी पडले व पुढे बांगलादेशाचे वीरश्रेष्ठ ठरले. अशा घातानंतर माघार घेतली असती, तरी कोणी बोल लावला नसता. सामंतांनी मात्र पाण्यात पडलेल्या सहकाऱ्यांना वाचवले आणि मोहीम पुरी केली. ‘पनवेल’चे कप्तान नोरोन्हा यांनाही महावीर चक्र मिळाले.

नवजात बांगलादेशाच्या नौदलाची प्रारंभीची धुराही सामंतांकडेच आली. त्या गुप्त महिन्यांची हकिकत सांगणारा, त्यांच्या सहलेखनाचा ग्रंथ २०१९ साली प्रसिद्ध झाला; त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ते निवर्तले होते.