शंभर टक्क्यांत न मावणारी शर्यत

महाभारताच्या वनपर्वात राजा ऋतुपर्ण रथातून जाता जाता बेहड्याच्या वृक्षाकडे दृष्टी टाकतो आणि त्यावरील पाना-फळांची संख्या सांगतो. सारथ्याच्या वेषातील नल रथ थांबवून मोजणी करतो. आकडा अचूक निघतो. मग दोघांत विद्यांची देवघेव होते. ऋतुपर्ण अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य देतो आणि नल अश्वहृदय, म्हणजे घोड्यांचे. (बेहड्याच्या फळांचेच तेव्हा फासे होत.) शर्यतीवर पैज लावणाऱ्याला या दोन्ही विद्या लागतात, पण रेसकोर्सवर अश्वविद्येची चर्चा अखंड चालते, अक्षविद्येची फारशी नाही.

बुकमेकरच्या फळ्यावरील भाव म्हणजे घोडा जिंकण्याची शक्यता, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ती किंमत असते आणि किमतीत विक्रेत्याचा नफा मिसळलेला असतो. समजा, चार घोडे धावत आहेत. पहिल्याला बरोबरीचा भाव, म्हणजे रुपयाला एक रुपया. दुसऱ्याला रुपयाला तीन. उरलेल्या दोघांना रुपयाला चार. बरोबरीच्या भावात 50 टक्के शक्यता गृहीत असते, तिनाच्या भावात 25, चाराच्या भावात 20. बेरीज केली तर 115 भरते. शक्यतांची बेरीज शंभराहून अधिक होऊच शकत नाही. वरचे 15 हा बुकमेकरचा वाटा. त्याने या घोड्यांवर अनुक्रमे 5,000, 2,500, 2,000 आणि 2,000 रुपयांच्या पैजा घेतल्या, तर जमा 11,500 होतात आणि कोणताही घोडा जिंको, मुद्दलासह 10,000 परत द्यावे लागतात. दीड हजार, म्हणजे जमा रकमेच्या सुमारे 13 टक्के, त्याच्यापाशी राहतात.

अर्थात पैजा इतक्या समतोल येत नाहीत. एकाच घोड्यावर लोंढा आला की बुकमेकर त्याचा भाव उतरवतो, इतरांचा चढवतो. तरीही एखाद्या दिवशी बुडतो. लोकांच्या स्वभावाचा मात्र त्याला आधार असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रिफिथ यांनी 1949 मध्ये दाखवले की लोक दुबळ्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा अधिक पैसा लावतात आणि बलवान घोड्यांवर कमी. मोठ्या भावाचा मोह शर्यतींच्या नोंदींतही लपत नाही, असे म्हणावे लागेल.

बुडण्याची ही जोखीमच काढून टाकण्याची युक्ती पॅरिसमध्ये जोसेफ ओलर यांनी 1860 च्या दशकात काढली. (पुढे ‘मूलाँ रूज’ या नृत्यगृहाच्या स्थापनेतही हेच गृहस्थ होते.) सर्व पैजा एका गंगाजळीत टाकायच्या, चालकाचा ठरावीक हिस्सा आधी वजा करायचा आणि उरलेले विजेत्यांना वाटायचे. येथे भाव कोणी ठरवत नाही. तो लोकांच्या पैशांतून घडतो. अडचण बेरजेची होती, कारण हजारो तिकिटांचा हिशेब शर्यत सुटण्यापूर्वी कोण करणार? अभियंते जॉर्ज ज्युलियस यांनी मतमोजणीसाठी कल्पिलेले यंत्र या कामी वळवले आणि 1913 मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर ते बसवले. विद्युत संगणकांच्या कितीतरी आधीचे हे प्रचंड गणकयंत्र होते. हेच ज्युलियस 1926 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विज्ञान परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले.

भारतात बुकमेकर आणि ‘टोट’ दोन्ही पद्धती रुळल्या. 1996 मध्ये मद्रास रेस क्लबशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरवला. अश्वहृदयाला कायद्याची मान्यता मिळाली, असेच म्हणायचे. वस्तू व सेवा कराने मात्र प्रश्न पुन्हा अक्षहृदयाकडे नेला. कर नफ्याच्या वाट्यावर असावा की पैजेच्या संपूर्ण दर्शनी मूल्यावर? कायद्याने दुसरा पर्याय स्वीकारला. प्रथम दर 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला.

वरच्याच उदाहरणात हा कर घालून पाहावा. वाटा दीड हजाराचा, कर 4,600 रुपयांचा. लावणाऱ्यांच्या खिशातून एकूण 16,100 जातात, परत येतात 10,000. केवळ वाट्यावर आकारणी झाली असती तर 600 रुपये भरले असते. बरोबरीच्या भावाच्या घोड्यावर शंभर रुपये लावणारा आता 140 मोजतो आणि जिंकल्यास 200 घेतो. म्हणजे तो घोडा शंभरपैकी सत्तर वेळा जिंकला, तरच हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो.