इस्तंबूलचे ‘ट्यूनेल’ : एका क्रमांकाची चिकित्सा

भुयारी लोहमार्गांची जंत्री देताना लंडनच्या १८६३ मधील मार्गास पहिला आणि इस्तंबूलच्या १८७५ मधील ‘ट्यूनेल’ला दुसरा क्रमांक देण्याचा प्रघात आहे. कालक्रम म्हणून तो ग्राह्य आहे. परंतु त्यामुळे ट्यूनेलचे कूळ मात्र चुकीचे लावले जाते, असे आम्हांस वाटते.

इस्तंबूलमधील गलाता ही बंदरालगतची, व्यापाराची वस्ती. वर टेकडीवर पेरा, म्हणजे परदेशी वकिलातींचा व श्रीमंतांचा भाग. अंतर थोडे, पण चढण दमछाक करणारी. तीवरील वर्दळ पाहून अँरी गाव्हाँ या फ्रेंच स्थापत्यविशारदाने भुयाराची योजना आखली व १८६९ साली सुलतान अब्दुल अझीझ याच्याकडून परवाना मिळविला. १७ जानेवारी १८७५ रोजी मार्ग खुला झाला. लांबी अवघी ५७३ मीटर. चढ मात्र सुमारे ६० मीटरांचा.

लंडनच्या भुयारात इंजिन गाडीबरोबर धावे आणि धूरही तेथेच कोंडे. इस्तंबूलमध्ये बाष्पयंत्र एका जागी स्थिर होते. गाड्या त्याच्या बळावर दोराने ओढल्या जात. एक वर चढे तेव्हा दुसरी खाली उतरे, आणि उतरणारीचे वजन चढणारीच्या उपयोगी पडे. माणसांप्रमाणेच माल, जनावरे व गाडेही या मार्गाने जात.

ही युक्ती लंडनची नव्हे. फ्रान्समधील लियाँ शहरात, रेशीम विणकरांच्या क्र्वा-रूस टेकडीवर, १८६२ सालीच अशी दोराची गाडी सुरू झाली होती आणि तिच्या वाटेतही बोगदा होता. लंडनपुढे प्रश्न रस्त्यांवरील गर्दीचा होता; लियाँ व इस्तंबूल यांच्यापुढे उंचीचा. म्हणून ट्यूनेल हे लंडनचे धाकटे भावंड नसून लियाँच्या घराण्यातले होय.

पुढे १९३९ साली हा मार्ग तुर्की शासनाने घेतला. १९७१ साली तेथे वीज आली. लियाँची ती गाडी १९६७ साली बंद पडली. ट्यूनेल आजही दीड मिनिटात चढण पार करते. क्रमांक आपणांस ‘केव्हा’ एवढेच सांगतो; ‘का’ याचे उत्तर त्या नगराच्या भूमीलाच विचारावे लागते.