व्यसनमुक्ती : उपचारांनंतरची सोबत

व्यसन हा स्वभावदोष नसून आजार आहे, या भूमिकेतून डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचे पाठबळ त्यास लाभले.

जुन्या मद्यपीने दारू एकाएकी थांबवल्यास कंप, भ्रम, प्रसंगी फिटही येऊ शकते. म्हणून पहिला टप्पा वैद्यकीय देखरेखीचा. पुढे समुपदेशन व गटचर्चा. खरी कसोटी मात्र घरी परतल्यावर लागते. तेथे १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'च्या सभा आधार देतात. शुल्क नाही, दारू सोडण्याची इच्छा पुरेशी. कुटुंबीयांसाठी 'अल-अॅनॉन' गट आहेत. पाय पुन्हा घसरला, तरी ते न लपवता सभेत परतणेच हिताचे.