शेततळ्यातले मासे पहाटे तोंड वर काढतात? औषध आणायच्या आधी पाणी तपासा

शेततळ्यात मासे सोडलेल्या शेतकऱ्याचं मोठं नुकसान बहुतेक वेळा पाणी बिघडल्यामुळे होतं. संध्याकाळी चांगले दिसणारे मासे सकाळी पांढरं पोट वर करून तरंगताना दिसतात. मग कुणीतरी विष टाकलं असा संशय येतो, भावकीत भांडणं लागतात. खरं कारण अनेकदा तळ्यातच असतं आणि ते आधी चार-आठ दिवस दिसतही असतं.

२०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यानंतर गावोगाव तळी झाली. अस्तरीकरण केलेल्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस असे मासे चांगले वाढतात. पण प्लास्टिकमुळे पाण्याला मातीचा आधार मिळत नाही. उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा तळाशी साचून कुजते. म्हणून मातीच्या तळ्यापेक्षा इथे जास्त लक्ष द्यावं लागतं.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील

हे प्राणवायू कमी झाल्याचं लक्षण आहे. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं, रात्री मात्र तेच शेवाळ आणि मासे मिळून तो वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या आधी प्राणवायू सगळ्यात कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त असला तर मासे निवांत राहतात. ३ च्या खाली गेला की त्रास सुरू होतो. ढगाळ हवामान दोन-तीन दिवस टिकलं तर धोका वाढतो.

उपाय: त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद. तळ्यातलंच पाणी मोटरने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडावं. बोअरचं ताजं पाणी सोडायचं असेल तर तेही उंचावरून पाडावं, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. लाइट रात्री जाते, म्हणून डिझेल इंजिन किंवा दुसरी सोय आधीच तयार ठेवावी. ऐन वेळी शोधाशोध करून मासे वाचत नाहीत.

पाणी गडद हिरवं झालं असेल

हलका हिरवा रंग चांगला, त्यात माशांचं नैसर्गिक खाद्य असतं. पण पोपटी जाड थर वर यायला लागला की खत किंवा खाद्य जास्त झालं असं समजावं. पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडावी. साधारण ३० ते ४० सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० सेंटीमीटरच्या आतच दिसेनाशी झाली तर शेवाळ जास्त आहे.

अशा वेळी शेणखत, युरिया टाकणं थांबवावं. वाऱ्याने एका कोपऱ्यात जमलेला थर जाळीने काढावा. पाव हिस्सा पाणी पिकाला देऊन तेवढं नवीन पाणी घ्यावं. हे पाणी पिकाला चांगलं असतं, फक्त ठिबकचा फिल्टर दोन वेळा जास्त धुवावा लागतो. शेवाळ मारायला एकदम मोरचूद टाकू नये. शेवाळ एकाच वेळी मेलं की ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो.

मासा खात नाही, पाण्याला उग्र वास येतो

इथे अमोनियाचा संशय घ्यावा. अमोनिया आणि सामू तपासायचं किट शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतं, तेच तळ्यालाही चालतं. सामू ७ ते ८.५ असावा. सामू आणि तापमान वाढलं की तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून दुपारी ३ च्या सुमाराला तपासणी करावी, तेव्हा सामू चढलेला असतो.

पाणी बिघडलं की चुना टाकायचा, अशी सवय पडली आहे. पण अमोनिया वाढलेला असताना चुन्याने सामू आणखी चढतो आणि मासे मरतात. अशा वेळी खाद्य बंद करून तळाचं घाण पाणी पाइपने बाहेर काढणं हाच खरा उपाय. सामू ७ च्या खाली असेल तेव्हाच चुना भिजवून, थंड करून, गुंठ्याला साधारण २ किलो या हिशेबाने पसरावा.

विष की प्राणवायू, कसं ओळखायचं?

प्राणवायू संपला तर मर पहाटे होते आणि आधी मोठे मासे जातात. विषारी औषध उतरलं असेल तर वेळ ठरलेली नसते. लहान-मोठे मासे आणि पाण्यातले किडेही एकदम मरतात. शेजारच्या रानात फवारणी असेल तर वाऱ्याची दिशा बघावी. फवारणी पंप तळ्यावर कधीच धुऊ नये. कीटकनाशकांतली पायरेथ्रॉइड गटाची औषधं माशाला फार थोड्या प्रमाणातही मारक असतात.

खाद्याचा हिशेब ठेवा

निम्मा त्रास जास्त खाद्याने होतो. रोज माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य पुरतं. १००० मासे सरासरी २५० ग्रॅमचे असतील तर वजन २५० किलो, म्हणजे २ टक्क्यांनी रोज ५ किलो, तेही दोन वेळा विभागून. अर्ध्या तासाने खाद्य शिल्लक दिसलं तर दुसऱ्या दिवशी कमी करावं. वहीत तारीख, खाद्य, पाण्याचा रंग आणि मेलेले मासे लिहावेत.

शेवटची गोष्ट माणसाची. अस्तराच्या उतारावर शेवाळामुळे पाय घसरतो आणि पोहता येणारालाही वर येता येत नाही. पाणी तपासायला, मेलेले मासे काढायला एकट्याने उतरू नये. गाठी मारलेला दोर चारही बाजूंना कायम बांधलेला असावा, कुंपण असावं. पाणी दोन दिवसांत सुधारलं नाही तर बाटलीत नमुना घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.