मोनोलुलूचा घोडा आणि फिल बुलची खतावणी

जून १९२०. एप्समच्या मैदानावर इंग्लंडची प्रसिद्ध डर्बी शर्यत ‘स्पायन कॉप’ नावाच्या घोड्याने जिंकली. त्याच्यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. भाव होता सहास शंभर, म्हणजे सहा पौंड लावणाऱ्याला शंभर पौंड नफा. गर्दीतील एका माणसाचे आयुष्य मात्र त्या दिवशी पालटले. त्याने आठ हजार पौंड जिंकले असे सांगितले जाते.

हा माणूस म्हणजे रास प्रिन्स मोनोलुलू. डोक्यावर शहामृगाच्या पिसांचा मुकुट, अंगावर भरजरी झगा, आणि ‘आय गॉट्टा हॉर्स!’ ही ललकारी. आपण ॲबिसिनियातील एका जमातीचे राजपुत्र आहोत असे तो सांगे. वस्तुतः त्याचे नाव पीटर मॅके आणि जन्म कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉई बेटावरचा. जिंकणाऱ्या घोड्याचे नाव विकणे हा त्याचा धंदा. अशा माणसाला टिप्स्टर म्हणत.

आठ हजारांच्या आकड्याविषयी थोडे थांबणे आवश्यक आहे. त्या भावाने आठ हजार जिंकायचे तर ४८० पौंड लावावे लागतात. त्या काळच्या सामान्य कामगाराची दोन वर्षांची मजुरीही एवढी भरत नसे. शर्यतीच्या बऱ्याच आधी, अधिक चढ्या भावाने त्याने पैसे लावले असतील, तर रक्कम कमी लागली असेल. पण ही कथा टिकली ती कागदोपत्री पुराव्यावर नव्हे, मोनोलुलूच्या कीर्तीवर. त्यानंतर चार दशके तो टिप विकत राहिला आणि लोक घेत राहिले. १९३६ साली बीबीसीची दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली, तेव्हा आरंभीच्या काळातच तो पडद्यावर झळकला.

घेणारे कोण होते? १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर रोखीने पैज लावणे गुन्हा ठरले होते. श्रीमंतांचे बुकीकडे उधारीचे खाते असे, ते कायदेशीर होते. मजुराला मैदानाबाहेर चोरूनच पैसे लावावे लागत. एप्समच्या टेकडीवर मात्र तिकीट लागत नसे. तेथे आठवड्याच्या मजुरीतील शिलिंग देऊन लोक मोनोलुलूचे बंद पाकीट घेत. पाकिटाबरोबर ताकीद मिळे: नाव कोणाला सांगितलेत तर घोडा हरेल.

या ताकिदीकडे गंमत म्हणून पाहिले जाते, पण धंद्याचा सारा पाया तिच्यात होता. दोन गिऱ्हाइकांनी आपापली पाकिटे शेजारी ठेवून पाहिली, तर टिप्स्टरचा हिशेब मांडता येतो. नाव गुप्त राहिले की हरणारा घरी जातो, जिंकणारा ओरडून सांगतो, आणि मागे उरतो तो केवळ जिंकणाऱ्याचा आवाज.

गणित करून पाहू. सहास शंभर भावाचा घोडा साधारण अठरांत एकदा जिंकला, तर लावणाऱ्याची तोंडमिळवणी होते. समजा, एक जाणता टिप्स्टर शंभरांत आठ वेळा खरा ठरतो आणि दुसरा, निव्वळ बोलघेवडा, शंभरांत चार वेळा. दोघांच्या गेल्या वीस टिपा पाहिल्या तर काय दिसेल? जाणत्याच्या वीसही टिपा वाया जाण्याची शक्यता सुमारे एकोणीस टक्के. बोलघेवड्याची निदान एक टिप खरी ठरण्याची शक्यता पंचावन्न टक्क्यांच्या वर! त्यातही विसांत एकच जिंकला तर पौंडामागे पौंड लावणाऱ्याचे एकोणीस जातात आणि नफ्याचे पावणेसतराही येत नाहीत. तोट्यातला हा माणूस ‘परवाच जिंकून दिले’ म्हणून मिरवू शकतो. पाचशे टिपांनंतर मात्र एकाचे चाळीसच्या आसपास घोडे जिंकलेले असतात, दुसऱ्याचे विसाच्या. तेथे फरक लपवणे कठीण.

पाचशे टिपांची नोंद ठेवणार कोण? याचे उत्तर मोनोलुलूच्याच काळात यॉर्कशरमधील एका खाणकामगाराच्या मुलाने दिले. फिल बुल (जन्म १९१०) लीड्स विद्यापीठात गणित शिकला आणि काही काळ शिक्षक होता. घोड्याने किती वेळात, किती वजन पाठीवर घेऊन, कोणत्या मैदानावर अंतर कापले, याची तो काटेकोर तुलना करी. गेल्या शर्यतीत कोण पहिला आला, एवढ्यावर त्याचे समाधान होत नसे. १९४८ पासून त्याच्या ‘टाइमफॉर्म’ने घोड्यांचे मूल्यमापन पौंडांच्या अंकांत छापण्यास सुरुवात केली, ते अंक कोणालाही पडताळून पाहता येत.

बुलने स्वतःच्या पैजांचीही खतावणी ठेवली होती. १९४३ ते १९७४ या काळात तिच्यात सुमारे २,९५,००० पौंडांचा निव्वळ नफा दिसतो. अर्थात ही खतावणी त्याची त्यानेच लिहिलेली, हे विसरता येत नाही. तरीही हरलेल्या पैजा लिहून ठेवणारा टिप्स्टर मैदानावर शोधून सापडला नसता.

इंग्लंडच्या वृत्तपत्रांनीही एक उपाय काढला. प्रत्येक पत्राच्या टिप्स्टरची दिवसाची सर्वोत्तम निवड, म्हणजे ‘नॅप’, घ्यायची, प्रत्येकीवर एक पौंड लावला असे धरायचे आणि नफातोट्याचा तक्ता छापायचा. पद्धत प्रामाणिक होती, पण हंगाम बदलला की तक्ता पुन्हा शून्यापासून सुरू होई. साठ टिप्स्टरांच्या यादीत कोणीतरी वर असणारच. तो कौशल्याने वर आहे की नशिबाने, हे एका हंगामात सहसा कळत नाही. वाचक मात्र वरचेच नाव पाही.

१९६१ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये पैजेची दुकाने कायदेशीररीत्या उघडली. मजुराला आता एप्समच्या टेकडीपर्यंत जाण्याची गरज उरली नाही. मोनोलुलू १९६५ साली वारला. लंडनमधील एका पबाला पुढे त्याचे नाव देण्यात आले.