सुई, तार, नळी

अंजनवेलच्या गोपाळगडाखालून वाशिष्ठीच्या मुखात शिरलेलं गलबत पूर्वी खाडीखाडीने थेट चिपळूणच्या गोवळकोट बंदरापर्यंत जाई. अंजनवेलचा माणूस शहरात 'अँजिओ', म्हणजे हृदयाच्या रोहिण्यांची नळीने तपासणी किंवा उपचार, करून घेतो तेव्हा त्याच्या अंगात तसाच प्रवास घडतो. मनगटाशी किंवा जांघेत शिरलेली बारीक नळी रक्ताच्या वाटेने हृदयापर्यंत पोचते आणि डॉक्टर तिची चाल एक्स-रेच्या पडद्यावर पाहत असतात. गावात याला 'बिनटाक्याचं ऑपरेशन' म्हणतात. भोक एवढंसं, म्हणजे उपचारही एवढासाच, असं मग वाटू लागतं. ते खरं नाही.

या नळीची गोष्ट जुनी आहे. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने लघवीच्या मार्गासाठी वापरायची नळी स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून आत सरकवली. वरिष्ठांची परवानगी नव्हती. नळी तशीच ठेवून तो जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला आणि टोक हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं, दोघा अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर.

नळी रोहिणीत घालायची तर मोठा छेद किंवा जाड सुई लागे. ती अडचण १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन इवार सेल्डिंगरने सोडवली. आधी बारीक सुई टोचायची, तिच्यातून लवचीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची, तारेवरून नळी सरकवायची आणि शेवटी तार ओढून घ्यायची. आजच्या कॅथलॅबमध्येही हाच क्रम चालतो.

या कुळातली मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र डॉक्टर नसलेली एक बाई. वय ८२, पायाची बोटं सडलेली. पाय कापावा लागेल असं सांगितल्यावर तिने ठाम नकार दिला. तिच्या त्या नकारामुळे १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी मांडीतली अरुंद झालेली रोहिणी नळ्यांनीच आतून रुंद केली. पाय वाचला, आजी पुढे चालत राहिल्या. तेच तंत्र पुढे नेत आंद्रेआस ग्रुएन्टझिगने घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुग्याच्या नळ्या बनवल्या आणि १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये जाग्या माणसाच्या हृदयाची रोहिणी फुग्याने उघडली.

म्हणून त्या आजींसारखंच, उपचाराच्या टेबलावर जाण्याआधी बोलायला, विचारायला कचरू नका. हे आजच करायला हवं का? गोळ्यांनी भागेल का? नळीने जमलं नाही तर पुढे काय? हार्ट अटॅक चालू असेल तर मात्र चर्चेत वेळ घालवू नये, तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. एरवी विचारायला सवड असते. रोहिणी उघडी राहावी म्हणून आत बसवतात त्या जाळीदार नळीच्या, म्हणजे स्टेंटच्या, दरावर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, तेव्हा बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवायला सांगा.

रोहिणी पडद्यावर दिसावी म्हणून आयोडीनयुक्त औषध सोडतात. त्याचा भार किडनीवर पडतो. म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवा, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं सांगा, गरोदरपण असेल तर तेही. आपल्या किनाऱ्यावर एक भीती फार आढळते: कोळंबी किंवा चिंबोरी बाधते, म्हणजे हे औषधही बाधणार. कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. तरी ती सांगाच, आणि पूर्वी अशा तपासणीत अंगावर पित्त उठलं किंवा धाप लागली असेल तर आवर्जून सांगा.

नळी जांघेतून घातली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. घरी परतताना त्या जागी रक्त आलं किंवा गाठ फुगू लागली, तर गाडी थांबवा, आडवं व्हा, जागेवर घट्ट दाब धरा आणि १०८ ला फोन करा. स्टेंट टाकली असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायच्या असल्या तरी स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंटमध्ये रक्ताची गाठ धरली की अटॅक येऊ शकतो.